नाडीचा काच

प्रेमाक्काला किळस फार लवकर यायची, आणि अगदी मनापासून यायची. चिकपेटच्या गल्लीत पुढे चालणारा माणूस पचकन थुंकला की तिच्या पोटात ढवळून यायचं. हॉटेलातल्या वाटीच्या काठावर मघाच्या सांबाराचा वाळलेला ओघळ दिसला की ती वाटी एका बोटाने लांब सारायची आणि समोरची वाफाळती इडलीसुद्धा टाकून उठायची. मेट्रोत शेजारणीच्या केसांना शिळ्या तेलाचा वास आला तर पुढच्या स्टेशनावर उतरून दुसऱ्या डब्यात चढायची. ती काम करायची त्या दुकानातली माणसं तिची नक्कल करायची, नाक आक्रसून, पदराचं टोक दोन बोटांत धरून. पण तो नखरा नव्हता. तिला खरंच मळमळायचं.

तिचं घराणं बेंगळूरच्या जुन्या मराठ्यांपैकी. कधीकाळी कुठल्याशा फौजेबरोबर पूर्वज इकडे आले आणि इथलेच झाले. घरातलं मराठी असं की पुण्याहून आलेल्या सुनेला, यशश्रीला, सुरुवातीला निम्मं कळत नसे. ‘स्वल्प थांब’, ‘सरी, होऊ दे’ असं कानडी त्यात मीठ पडावं तसं पडलेलं. नवरा विठोजी शिंपीकाम करायचा. तो हृदयविकाराने गेला तेव्हा मुलगा जितेंद्र कॉलेजात होता. प्रेमाक्का मग चिकपेटमधल्या एका घाऊक साड्यांच्या दुकानात लागली आणि तिथेच तिचं आयुष्य गेलं.

तिचं काम होतं साडी नेसून दाखवायचं. पांढऱ्या गादीवर उभं राहायचं आणि गिऱ्हाइकाने बोट दाखवलेली साडी अंगावरच्या साडीवरूनच चापून चोपून नेसायची. निऱ्या अशा पडायच्या की नवऱ्या मुलीची आई म्हणायची, “हीच द्या, अशीच दिसली पाहिजे.” मुलीच्या अंगावर ती तशी दिसायची नाही, कारण प्रेमाक्काचं गुपित साडीत नव्हतं, नाडीत होतं. परकराची नाडी ती दात-ओठ खाऊन आवळायची. दिवसभर साड्यांचे थरावर थर पेलायचे तर आतला पाया हलता कामा नये. नव्या पोरींना ती सांगायची, “नाडी सैल तर बाई सैल. श्वास घ्यायला जागा उरली म्हणजे गाठ चुकली.” रात्री परकर उतरवला की कमरेभोवती खोल वळ उठलेला असे. त्या काचाचं तिला कधी काही वाटलं नाही. त्यांच्या घरातल्या सगळ्याच बायकांच्या कमरेला तो असायचा.

उजव्या बाजूला, नाडीची गाठ जिथे यायची तिथे, कातडी आधी काळी पडली. मग जाड झाली, खरखरीत, कोपरासारखी. मग त्या काळ्यात एक पांढुरका चट्टा उमटला आणि त्याला कोंडा धरू लागला. खाज तर अशी की साडी नेसता नेसता ती गिऱ्हाइकाची नजर चुकवून मुठीने कंबर घासायची. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानदाराने न बघताच सांगितलं, “गजकर्ण असेल अम्मा,” आणि एक मलम दिलं. मलमाने जादूसारखी खाज थांबली. मलम थांबवलं तशी दुप्पट उसळली. मग दुसरं मलम, मग तिसरं. कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ झाली, चिरली, चिरेतून पाणी यायला लागलं. प्रेमाक्का चिरेवर हळद दाबायची, वर कापडाची घडी ठेवायची आणि त्यावरच नाडी आवळायची.

ही गोष्ट तिने कुणाला सांगितली नाही. सांगणार काय? कंबर म्हणजे काही हात-पाय नव्हे. जितेंद्र आणि यशश्री महादेवपुऱ्याला राहायचे. तिथल्या फ्लॅटवर जाणं तिने केव्हाच सोडलं होतं, कारण यशश्रीने मांजर पाळलं होतं आणि ते ओट्यावर चढायचं. ज्या ओट्यावर मांजर चढतं त्या ओट्यावरचा चहा प्रेमाक्काच्या घशाखाली उतरणं शक्यच नव्हतं. सून म्हणायची, “आई, मी ओटा पुसते हो सॅनिटायझरने.” प्रेमाक्का म्हणायची, “सरी गं, पूस,” आणि चहा तसाच ठेवायची.

मग उन्हाळ्यात एकदा तिला दुकानात वास आला.

गोडसर, कुजका, घशाच्या मागच्या बाजूला चिकटून राहणारा. “श्रीरंगण्णा,” ती मालकाला म्हणाली, “उंदीर मेलाय कुठेतरी.” श्रीरंगण्णाने नाक वर करून हुंगलं, त्याला काही कळलं नाही. पण प्रेमाक्काच्या नाकावर सगळ्या दुकानाचा विश्वास. तिने भिंतीकडचे गठ्ठे उतरवायला लावले, गादी उचलायला लावली, मोरीत फिनेल ओतायला लावलं. उंदीर सापडला नाही. दुसऱ्या दिवशी वास पुन्हा होता. तिने दुपारचा डबाही खाल्ला नाही. “तुम्ही माणसं आहात की कोण?” ती सगळ्यांवर खेकसली. “एवढ्या घाणीत जेवण जातं कसं तुम्हाला?”

त्या संध्याकाळी घरी येऊन तिने साडी सोडली, परकर डोक्यावरून काढला आणि तोच वास भपकन तिच्या नाकात शिरला.

ती तिथेच, मोरीच्या उंबऱ्यावर बसली. हळदीच्या कापडाची घडी पिवळी-हिरवी होऊन कातडीला चिकटली होती. ती सोडवली तेव्हा खाली चीर उरलीच नव्हती. तिथे फुलकोबीच्या तुऱ्यासारखं काहीतरी वर आलं होतं, ओलसर, गुलाबी-राखाडी, बोट लागताच रक्त सोडणारं. उंदीर दुकानात नव्हता. तिने स्वतःच तो रोज कमरेला बांधून नेला होता आणि संध्याकाळी परत आणला होता. तिला उलटी झाली. जन्मभर इतरांच्या घाणीपासून तिने पदर सावरला होता. आता स्वतःच्याच अंगापासून तो सावरायचा कुठे, हे तिला कळेना.

पुढचे काही आठवडे तिने जे केलं त्याला उपचार म्हणता येणार नाही. दिवसातून चार वेळा अंघोळ, जखमेवर जंतुनाशक पाणी, वर गुलाबाचं अत्तर. गुलाब आणि पू यांचा मिळून जो वास होतो तो नुसत्या पुवापेक्षा वाईट. गिऱ्हाईक बायका ती साडी नेसून दाखवताना मान वळवू लागल्या. तिच्याबरोबर काम करणारी धनलक्ष्मी चांगल्या मनाची बाई. ती एकदा हळूच म्हणाली, “अक्का, तुम्हाला बरं नाही काय? अंगाला स्वल्प…”

“काय अंगाला?” प्रेमाक्का कडाडली. “स्वतःच्या घामाचं बघ आधी!”

त्याच आठवड्यात श्रीरंगण्णाने प्रेमाक्काला मागच्या खोलीत घड्या घालायला बसवलं. तो कठोर नव्हता, नुसता ओशाळलेला होता. बोलताना तिच्या डोळ्यांकडे न बघता भिंतीवरच्या देवाकडे बघत होता. “अक्का, जे. पी. नगरला एक गुरुजी आहेत. माझ्या मेव्हण्याची गाठ त्यांनी चाकू न लावता काढली. जाऊन तर या.”

प्राणेश गुरुजींच्या जागेत थंडगार एसी होता, चंदनाची उदबत्ती होती आणि भिंतभर काचेच्या बरण्या होत्या. बरण्यांत पिवळट पाणी आणि पाण्यात तरंगणारे मांसाचे गोळे. कुणाला तंतू लोंबत होते, कुणावर केस होते. प्रत्येक बरणीवर ‘मूळ’ असं कानडीत लिहिलेलं. लोक त्या बरण्यांकडे देवळातल्या मूर्तीकडे बघावं तसे बघत होते. प्रेमाक्काने एकदाच बघितलं आणि मग नजर जमिनीवरून उचलली नाही.

गुरुजींनी तिची जखम बघितली. बघितली म्हणजे कशी, तर उघड्या हाताने, बोटांत अंगठ्या, अंगठ्यांच्या खोबणीत कसलंसं काळं साचलेलं. त्याच बोटांनी ते तुरे चिमटीत धरून हलवले. पण त्यांचं नाक वाकडं झालं नाही. एवढ्या दिवसांत तिच्या जवळ येऊन ज्याचं तोंड फिरलं नाही असा तो पहिला माणूस, आणि तेवढ्यावर तिला रडू आलं. तिला वाटलं, हा दयाळू आहे. दुसऱ्याच्या सडलेल्या मांसाची किळस न येणारा माणूस दयाळूच असतो असं नाही, गिधाडालाही ती येत नाही, हे तिला पुढे कळलं.

“ही गाठ आहे अम्मा. दवाखान्यात गेलात तर तुकडा काढतील. तुकडा काढला की विष अंगभर पसरतं. चाकू लागू द्यायचा नाही. मी मुळासकट ओढून काढतो.”

त्याने काळा लेप लावला. थोड्या वेळाने तिथे निखारा ठेवल्यासारखं झालं. प्रेमाक्काने तोंडात पदर कोंबला. अशा बऱ्याच फेऱ्या झाल्या. तुरे जळून काळे झाले, चामड्यासारखे कडक झाले आणि एके दिवशी गुरुजींनी चिमट्याने ती खपली ओढली. खालचं लाल मांस उघडं पडलं. “हे बघा मूळ!” म्हणत त्यांनी तो काळा लिबलिबीत तुकडा तिच्या डोळ्यांसमोर नाचवला, बाजूला उभ्या माणसाने मोबाइल धरला आणि तुकडा एका रिकाम्या बरणीत गेला. “नोंदीसाठी हो,” ते म्हणाले. “चेहरा नाही घेतला.”

वास थोडे दिवस गेला. प्रेमाक्काने देवीला साडी नेसवली. आणि मग खड्ड्याच्या काठाकाठाने तेच तुरे पुन्हा डोकं काढू लागले, आधीपेक्षा जोमाने, पावसाळ्यात लाकडावर अळंबी फुटावी तसे.

गुरुजी खरे कोण आहेत ते धनलक्ष्मीमुळे कळलं, तेही चुकून. दुपारी डबा खाताना तिच्या मोबाइलवर एकामागून एक व्हिडिओ सरकत होते. “अय्यो, छी, हे काय!” म्हणत तिने तोंड फिरवलं आणि फोन पालथा घातला.

“काय गं?”

“नका बघू अक्का. जेवतोय आपण.”

पण प्रेमाक्काने गुरुजींचा आवाज ओळखला होता. तिने फोन सुलटा केला. एक कंबर होती. खपली ओढली जात होती. पोपटी परकर, आणि त्याला जांभळी नाडी. पोपटी नाडी तुटली म्हणून ती जांभळी तिने स्वतःच ओवली होती. वर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं: ‘चाकूशिवाय संपूर्ण बरा झालेला कॅन्सर.’

कॅन्सर. तो शब्द त्या माणसाने तिच्या तोंडावर एकदाही उच्चारला नव्हता. सगळ्या गावाला सांगितला होता, तिला सोडून.

व्हिडिओखाली हजारो लोकांनी काहीबाही टाकलेलं होतं. काहींनी हात जोडले होते. बाकीच्यांनी हिरव्या तोंडाची, उलटी करणारी चित्रं टाकली होती, ओळीने, एकाखाली एक. ही चित्रं तिच्या कमरेला उद्देशून आहेत हे कळायला तिला कुणाची मदत लागली नाही. तिने फोन खाली ठेवला. डब्यातला भात तसाच राहिला.

“माझी आहे ती,” ती म्हणाली.

धनलक्ष्मीला कळेना. “काय तुमची?”

“कंबर.”

धनलक्ष्मीने डबा बाजूला सारला. तिने प्रेमाक्काचा फोन तिच्या हातात दिला आणि म्हणाली, “सुनेला लावा. आत्ता. माझ्यासमोर.”

यशश्री कॅब करून भर कामाच्या दिवशी चिकपेटात आली. मागच्या खोलीत दार लावून म्हणाली, “दाखवा आई.” प्रेमाक्काने परकर सैल केला, कापड सोडवलं. यशश्रीने बघितलं, तिचं तोंड पांढरं पडलं आणि ती दार उघडून मोरीकडे धावली. ती ओकल्याचा आवाज प्रेमाक्काला स्पष्ट ऐकू आला. तिला वाटलं, संपलं; आता ही जाईल आणि जितेंद्रला पाठवेल.

यशश्री तोंड धुऊन परत आली. डोळे लाल होते. “सॉरी आई. मला झेपलं नाही एकदम. चला, मी अपॉइंटमेंट घेतलीय.”

प्रेमाक्का तिच्याकडे बघत राहिली. ओकली आणि परत आली. ओकारी न येता हात फिरवणारा तो गुरुजी, आणि ही. प्रेमाक्काच्या मनात सुनेबद्दल पहिल्यांदाच काहीतरी घट्ट बसलं.

हॉस्पिटलात डॉक्टर शमिका म्हणून होत्या, बेळगावकडच्या, मराठी-कानडी दोन्ही सारख्याच वेगाने बोलणाऱ्या. त्यांनी आधी हात धुतले, हातमोजे घातले, मग जखम बघितली. मग जखम सोडून बाकीची कंबर बघितली. काळ्या, जाड पडलेल्या त्या वळावरून त्या बोट फिरवत गेल्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

“नाडी किती वर्षं अशी आवळताय?”

“परकर नेसते तेव्हापासून.”

“आणि या चट्ट्यावर काय काय लावलं?”

प्रेमाक्काने पिशवी उलटी केली. टेबलावर ट्यूबांचा ढीग पडला. डॉक्टरांनी एकेक उचलून बघितली आणि सांडपाणी बघावं तसं तोंड केलं. “यात स्टिरॉइड, यातही, यातही. एकाने तरी कातडी तपासली होती?”

“कुणी नाही.”

“आणि हे जळलेलं?”

यशश्रीने लेपाची हकिकत सांगितली, व्हिडिओही दाखवला. डॉक्टर शमिकांनी तो शेवटपर्यंत बघितला. मग म्हणाल्या, “नालायक माणूस. त्याने वरचं जाळलं. खाली आजार होता तसाच राहिला आणि वाढला. तुकड्याने विष पसरतं म्हणाला ना? आई, तुकडा तपासल्याशिवाय शत्रू कोण ते कळणारच कसं? तुकडा काढल्याने हा आजार पसरत नाही. तुकडा न काढता बसून राहिल्याने पसरतो.”

तुकडा तपासायला गेला. उत्तर आलं तेव्हा जितेंद्रही होता. कातडीचा कॅन्सर. जितेंद्र बावचळून म्हणाला, “पण डॉक्टर, तो तर गोऱ्या लोकांना होतो ना? आई तर उन्हातही जात नाही.”

“उन्हाने होणारा गोऱ्यांना जास्त होतो, खरंय. आपली सावळी कातडी उन्हापासून बरीचशी वाचवते. पण आपल्याकडे तो दुसऱ्या वाटांनी येतो. जुन्या भाजल्याच्या व्रणात येतो. वर्षानुवर्षं न भरणाऱ्या जखमेत येतो. तळपायावर, नखाखाली काळा डाग होऊन येतो, आणि आपण तळपाय कधी बघतो? आणि इथे,” त्यांनी स्वतःच्या साडीवर, कमरेला हात ठेवला, “नाडीच्या काचात. एकाच जागी रोज घासणं, घाम, खाज, चीर, पुन्हा वर नाडी. अशा फार थोड्या बायकांना होतो, घाबरून जाऊ नका. पण होतो.”

“नाडीनं?” प्रेमाक्का म्हणाली. “एका सुती नाडीनं?”

“रुंद पट्ट्याचा परकर घातला असता, गाठ रोज थोडी वर-खाली, डावी-उजवी केली असती, चट्टा पडला तेव्हा सैल सोडून दाखवायला आला असतात, तर बहुतेक एवढ्यावर आलं नसतं. आता कापावं लागेल. भोवतीची चांगली कातडीही थोडी जाईल. जांघेत एक गाठ लागतेय, तिची सुईने तपासणी करू. पण आई, हा बरा होणाऱ्यातला आहे.”

प्रेमाक्काने सगळं ऐकलं आणि एकच विचारलं, “माझ्यापासून दुसऱ्याला लागतो काय?”

“नाही. कुणालाच नाही.”

जांघेतल्या गाठीत आजार निघाला नाही; जखमेच्या पुवाने ती सुजली होती. शस्त्रक्रियेत तळहाताएवढी जागा कापून काढली आणि तिच्यावर मांडीची कातडी लावली. जी जागा कापली तिच्या कडा स्वच्छ निघाल्या, म्हणजे आजार काठापर्यंत पोचला नव्हता. पुढे किरणांच्या उपचाराची गरज लागली नाही. हे सगळं एका दमात सांगून होतं, पण प्रेमाक्काला ते दिवस एका दमात गेले नाहीत. मांडी कमरेपेक्षा जास्त दुखायची. हॉस्पिटलच्या संडासाच्या कोपऱ्यात कुणीतरी टाकलेला रक्ताचा बोळा पडून राहिलेला बघून तिने सलाइनची बाटली हातात धरून नर्सच्या टेबलापर्यंत चालत जाऊन भांडण केलं. बोळा गेला. शेजारच्या खाटांवरच्या बायकांनी तिला तिथल्या तिथे पुढारी करून टाकलं.

नंतर ती महादेवपुऱ्याला राहिली. पट्टी यशश्री बदलायची. तोंडाला मास्क, नाकाखाली बाम.

“तुला किळस येते ना गं?” प्रेमाक्का म्हणाली.

“येते आई. खोटं कशाला बोलू?”

“नको बोलू. आली तरी कर.” मग थोडं थांबून, “मांजर कुठाय?”

“गॅलरीत कोंडलंय, तुम्ही आहात म्हणून.”

“आत घे त्याला. रडतंय ते कधीचं. ओट्यावर मात्र नको.”

हिंडाफिरायला लागल्यावर तिने पहिली गोष्ट केली ती जे. पी. नगरला जाण्याची. जितेंद्र म्हणाला होता, तक्रार दिलीय, तू जाऊ नको. ती यशश्रीला घेऊन गेली. तोच एसी, तीच उदबत्ती. बाकावर बसलेल्यांत एक बाई होती, दंडावर जुना भाजल्याचा गुळगुळीत व्रण, त्याच्या मधोमध एक ओली जखम. माशी बसू नये म्हणून ती पदराने वारा घालत होती.

गुरुजींनी प्रेमाक्काला ओळखलं आणि हसले. “या अम्मा! तुमच्यामुळे किती लोकांना आशा मिळाली माहितेय? लाखांनी बघितलंय.”

“माझं मांस कुठंय?” प्रेमाक्का म्हणाली.

“काय?”

“माझ्या अंगातनं काढलंस ना? यातलं कुठलं माझं?” तिने बरण्यांच्या भिंतीकडे हात केला. “परत दे.”

गुरुजींचं हसू गेलं. “शांत व्हा. चाकू लावून घेतला वाटतं. आता बघा, पसरेल.”

“पसरलं होतं ते तुझ्या लेपाखाली. हॉस्पिटलात काढलं.” ती बाकावरच्या लोकांकडे वळली. मराठीत सुरू केलेलं ती कधी कानडीत गेली तिला कळलं नाही. “ऐका. ही मुळं नाहीत. ही तुमची जळलेली कातडी आहे. रोग खाली राहतो. मी इथे येऊन बसले होते, तुमच्यासारखीच. हा नाक मुरडत नाही म्हणून मला हा देव वाटला होता.”

एक म्हातारा उठून गेला. एका बाईने उलट प्रेमाक्कालाच झापलं, “तुम्हाला गुण आला नाही म्हणून आमची श्रद्धा मोडता काय?” गुरुजींच्या माणसाने तिचा दंड धरला, तेव्हा यशश्री मध्ये पडली आणि दोघी बाहेर आल्या. फुटपाथवर उभ्या असताना भाजल्या हाताची बाई त्यांच्या मागोमाग आली. पदराने जखम झाकून शेजारी उभी राहिली. प्रेमाक्काने हॉस्पिटलला जायला रिक्षा थांबवली. तिघी दाटीवाटीने बसल्या. त्या बाईच्या हाताला वास येत होता, तोच, गोडसर, घशाला चिकटणारा. प्रेमाक्काच्या तोंडाला पाणी सुटलं, ओकारीच्या आधी सुटतं तसं. तिने थुंकी गिळली आणि विचारलं, “कधी भाजलं होतं?”

“लहानपणी. चुलीत पडले होते.”

“आणि हे?”

“दोन पावसाळे झाले. भरतच नाही.”

तक्रारीचं म्हणाल तर व्हिडिओ उतरला. जे. पी. नगरच्या दाराला कुलूप लागलं, आणि दसऱ्याच्या आत तोच माणूस शहराच्या दुसऱ्या टोकाला नव्या नावाने, नव्या पाटीखाली बसला. बरण्या त्याने बरोबर नेल्या. जितेंद्रने फोटो दाखवला तेव्हा प्रेमाक्काने तो बघितला आणि म्हणाली, “शी.” त्या एका अक्षरात तिच्याकडे होतं नव्हतं ते सगळं आलं. पुन्हा तक्रार दिली आहे. तिचं अजून काही झालेलं नाही.

दुकानात ती परत गेली. आता ती स्वतःच्या कमरेवर साडी नेसत नाही. सैल, रुंद इलॅस्टिकच्या परकरावर साधी साडी गुंडाळते आणि धनलक्ष्मीला गादीवर उभी करून तिच्यावर नेसवून दाखवते. नवऱ्या मुलींच्या आयांना साडीबरोबर ती विचारते, “परकराला पट्टा आहे की नाडी? नाडी असेल तर चार बोटं रुंद पट्टी शिवून घ्या. आणि कमरेला काळं-पांढरं काही असलं, खाज असली, तर मलम नको, डॉक्टर.” श्रीरंगण्णाला हे सुरुवातीला आवडलं नाही.

“अक्का, लग्नाची गिऱ्हाइकं आहेत. त्यांच्यासमोर रोगाची नावं नकोत.”

“मी नाव घेत नाही अण्णा. कंबर म्हणते. कंबर तर प्रत्येकीला असते.”

“तरी बेडा अक्का, नको, बरं दिसत नाही.”

“मला मागच्या खोलीत बसवलंत तेव्हा बरं दिसलं होतं काय?”

श्रीरंगण्णा भिंतीवरच्या देवाकडे बघू लागला. तो विषय पुन्हा त्याने काढला नाही.

एकदा दुपारी गर्दी ओसरल्यावर धनलक्ष्मीने मागच्या खोलीचं दार लावलं आणि तोंड दुसरीकडे करून परकर थोडा खाली सरकवला. “अक्का, स्वल्प बघा.” गाठीच्या जागी कातडी काळी, जाड झाली होती आणि तिच्यावर कोंडा होता. घामाने ओली, आंबूस. प्रेमाक्काने चष्मा लावला, उजेडाकडे वळवून, वाकून, सावकाश बघितलं. पोटात ढवळत होतं. ढवळू दिलं.

“चीर आहे?”

“नाही. खाज आहे.”

“काय लावलंस?”

धनलक्ष्मी परकर वर ओढू लागली.

“ट्यूब?”

“हो.”

“फेकून दे. उद्या माझ्याबरोबर चल. मला तसंही तपासायला जायचंय, डॉक्टरांना दर थोड्या महिन्यांनी जांघ दाबून बघायची असते.”

डॉक्टर शमिकांनी धनलक्ष्मीला तपासलं. नुसता काच होता, त्याहून पुढे काही गेलं नव्हतं. लावायला औषध दिलं, नाडी बंद केली, पुन्हा दाखवायला बोलावलं. येताना मेट्रोत धनलक्ष्मी सारखी कंबर चाचपत होती. रुंद पट्ट्याचा नवा परकर तिच्या सवयीचा नव्हता.

“सैल वाटतंय अक्का. साडी सुटली तर भर स्टेशनात?”

“सुटली तर नेसवीन मी,” प्रेमाक्का म्हणाली. “आता श्वास घे बघू पोटभर.”